सातव्या कपाटाची चौकशी

ब्लॉगवरची पहिली पोस्ट चार जणांनी वाचली, आणि त्यातल्या तिघी लिहिणाऱ्या मुलांच्या आया होत्या. चौथे मुख्याध्यापक. पोस्टचं नाव होतं ‘आमचे ग्रंथालय’. ग्रंथालयाला खिडक्या किती, पंखे किती, शांततेचं महत्त्व काय, हे सगळं तिच्यात क्रमवार दिलेलं होतं. मुख्याध्यापकांनी खाली ‘उत्तम’ असा शेरा मारला होता. पण तो शब्द ते रजेच्या अर्जावरसुद्धा लिहीत.

शाळेत इंटरनेटचा एकच संगणक धड चालत होता आणि तो ग्रंथालयात होता. म्हणून आठवीतल्या तिघांनी मधल्या सुट्टीनंतर तिथे बसून ब्लॉग चालवायचा, आणि ग्रंथपालबाईंनी तपासल्याशिवाय त्यातलं एक अक्षरही बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा मुख्याध्यापकांचा हुकूम होता. तिघांची खरी नावं हजेरीपटात असतील. वर्गात त्यांना शंका, मापाडी आणि कविराज म्हणत. शंका ही मुलगी ‘कळलं का?’ या प्रश्नावर ‘कळलं, पण…’ असं उत्तर देणारी. मापाडीच्या खिशात त्याच्या शिंपी आजोबांची टेप, आणि समोर आलेली वस्तू मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कविराज भूगोलाच्या उत्तरातही यमक जुळवायचा. एकीनं विचारायचं, दुसऱ्यानं मोजायचं आणि तिसऱ्यानं एका बोटानं टाइप करायचं, अशी कामाची वाटणी ठरली होती.

“बाई, चारच जणांनी वाचलं,” शंका म्हणाली. “त्यातली माझी आई अर्ध्यात झोपली.”

बाई पुस्तकांना पाठीमागून कागद चिकटवत होत्या. मान वर न करता त्या सहज बोलून गेल्या, “अगं, तुम्हाला माहीत आहे तेच तुम्ही लिहिलंत. तुम्हालाच ज्याचं उत्तर ठाऊक नाही, असं काहीतरी लिहा. मग बघा, लोक कसे धावत येतात.”

माणूस कधी कधी आपल्या हातानं आपल्या दाराची कडी काढतो, आणि वर पाहुण्याला ‘या’ म्हणतो. शंकेनं हनुवटीवर बोट ठेवून खोलीभर नजर फिरवली. भिंतीशी ओळीनं सात लोखंडी कपाटं. सहांची दारं उघडी, पुस्तकं एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून बसलेली. सातवं बंद.

“बाई, त्याच्यात काय आहे?”

“किल्ली हरवलीय,” बाई म्हणाल्या.

“मी किल्लीचं नाही विचारलं. आत काय आहे?”

“किल्लीच नाही तर सांगणार कसं?”

“मग हरवायच्या आधी काय होतं?”

मापाडीनं टेप बाहेर काढली. कविराजनं बोट ताठ केलं. बाईंच्या हातातला कागद भलत्याच पुस्तकाला चिकटला.

खरं सांगायचं तर किल्ली हरवलेली नव्हती. ती बाईंच्या घरी, सुईदोऱ्याच्या डब्यात, रिळांच्या तळाशी सुखानं पडून होती. आणि कपाटात काय आहे हे जगात एकट्या बाईंनाच माहीत होतं. आत पुस्तकं होती. कोरी करकरीत, एकाही मुलानं न उघडलेली, तीनशे बारा.

त्याचं असं झालं. बाई नोकरीला नवीन असताना ग्रंथालयात पक्ष्यांवरचं एक देखणं पुस्तक आलं होतं. बाईंनी ते मोठ्या कौतुकानं एका मुलाला दिलं. आठ दिवसांनी ते परत आलं तेव्हा चाळिसाव्या पानावर एक खिडकी होती. खंड्या पक्षी कुणीतरी कात्रीनं, चोचीसकट, अगदी नीट कापून नेला होता. खिडकीतून एकेचाळिसावं पान दिसत होतं. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्यानंतर एखादं फार सुंदर पुस्तक आलं की त्या ते सातव्या कपाटात ठेवत. थोडे दिवस, म्हणत. मुलं जरा मोठी होऊ देत, म्हणत. मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांची मुलं शाळेत आली, आणि ‘थोडे दिवस’ एकोणीस वर्षांचे झाले. महिन्यातून एकदा, शनिवारी शाळा सुटल्यावर, बाई कपाट उघडून त्यापुढे स्टूल टाकून बसत. लेकरांच्या टाळूवरून फिरवावा तसा पुस्तकांवरून हात फिरवत आणि पुन्हा कुलूप लावत. हे कुणाला कळलं असतं तर? ज्या बाई ‘वाचा रे, वाचा’ म्हणून शाळाभर ओरडत फिरतात, त्यांनीच तीनशे बारा पुस्तकं कोंडून ठेवलीत! बाईंना नुसत्या विचारानंच घाम फुटे. आणि त्याहून मोठी धास्ती ही, की एकदा कळलं की ती सगळी बाहेर जाणार. कुणाच्या तरी हातात. कात्रीजवळ.

दुसऱ्या दिवशी कविराजनं नवी पोस्ट तपासायला आणली. “आमच्या ग्रंथालयात एक कपाट आहे. ते बंद आहे. त्यात काय आहे ते माहीत नाही. धन्यवाद.”

बाईंना हायसं वाटलं. हे इतकं मिळमिळीत होतं की आयांनीसुद्धा वाचलं नसतं. गुपचूप ‘ठीक’ म्हणून सही करायची, की विषय मिटला. पण त्यांची नजर शेवटच्या शब्दावर अडली.

“अरे, धन्यवाद कशाला? कपाटानं तुला काय दिलंय?”

“शेवट कसा करायचा कळेना, बाई.”

“आणि ही वाक्यं आहेत का? ही काय किराण्याची यादी आहे?” बाईंच्या हातातली लाल पेन्सिल आपोआप चालू लागली. “असं लिही. सहा कपाटं रोज उघडतात. सातवं उघडत नाही. ते भरलेलं आहे की रिकामं, हे सांगेल असं कुणी या शाळेत उरलेलं नाही.”

कविराजनं ते शब्दन् शब्द टाइप केलं.

“बाई,” मापाडी हळूच म्हणाला, “माझ्या अंगावर काटा आला. बघा.”

बाईंना क्षणभर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणि मग आपण काय करून बसलो हे ध्यानात येऊन त्यांच्याही अंगावर काटा आला. पण तोवर कविराजचं बोट बटणावर पडलं होतं.

संध्याकाळपर्यंत एकसष्ट जणांनी वाचलं. त्यातला एकसष्टावा बाईंच्या घरीच होता. बाईंचे यजमान टपालखात्यातून निवृत्त झालेले. एका जन्मात दुसऱ्यांची हजारो पाकिटं हाताळूनही एकाही पाकिटात डोकावता आलं नाही, याची हळहळ त्यांच्या मनात साठून राहिलेली.

“अगं, तुमच्या शाळेतलं हे कपाट काय प्रकार आहे?” चहाचा कप तसाच ठेवून त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत!”

“तू तिथंच तर बसतेस दिवसभर!”

“मी माझं काम करते. कपाटांची चौकशी नाही करत.”

“कमाल आहे बाई तुझी! मला तर झोप येणार नाही,” असं म्हणून त्यांनी ‘एक जिज्ञासू’ या नावानं खाली कॉमेंट टाकली आणि रात्री छान घोरले.

मग रोज एक पोस्ट निघू लागली. मापाडीनं कपाट मोजलं, ठोठावलं, कान लावला. “खालपासून वरपर्यंत ‘ठप्प’ असा आवाज येतो. ‘ठण’ असा कुठेच येत नाही. म्हणजे कपाट गच्च भरलेलं आहे.” कविराजनं ओवी लिहिली:

“सहा कपाटं बोलकी, सातवं गं का अबोल?
त्याच्या पोटात दडलंय किती शतकांचं मोल!”

“शतकांचं कसं असेल? शाळा पन्नास वर्षांची आहे,” बाई म्हणाल्या. खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण कच्ची ओळ समोर असली की त्यांच्यानं राहवत नसे. “आणि ‘मोल’ काढ. कपाटाचं मोल कपाटालाच सांगू दे. ‘सहा कपाटं बोलकी, सातवं गं का अबोल? एवढ्याशा कुलपात किती लपलंय खोल!’ असं कर.”

“बाई, तुम्ही भारी आहात!” कविराज म्हणाला. त्या ओवीला एकशे चाळीस कॉमेंटी आल्या. कुणी म्हणालं सोनं असेल, कुणी म्हणालं विज्ञानाच्या प्रयोगशाळेतून नाहीसा झालेला सांगाडा. शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं लिहिलं, “माझी चौथीत जप्त केलेली बॅट आत असेल तर कृपया कळवावे. मी आता बँकेत मॅनेजर आहे.”

चौकातल्या कुलूपवाल्यापर्यंत बातमी गेली. तो पिशवी घेऊन थेट मुख्याध्यापकांकडे आला. “साहेब, दोन मिनिटांचं काम आहे. एक ठोका, की कुलूप हातात!”

मुख्याध्यापक त्याला घेऊन ग्रंथालयात आले. त्यांनाही आता राहवत नव्हतं. बाई कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“सर, तोडायचं नाही,” शंकाच मध्ये पडली. “वाचकांना विचारलंय आम्ही. शंभरातल्या त्र्याऐंशी जणांना किल्लीनंच उघडायला हवंय. तोडलं तर त्यात काय मजा?”

“मजा?” कुलूपवाला दुखावला. “पंचवीस वर्षं मी काय रडत कुलपं तोडतोय का?”

पण मुख्याध्यापकांनी त्र्याऐंशी जणांचा मान राखला. बाईंचा जीव भांड्यात पडला. किल्लीनंच उघडायचं असेल तर उघडलंच, म्हणून समजा! डब्यात, रिळांच्या खाली कोण बघतंय? त्या इतक्या निर्धास्त झाल्या की दुसऱ्या दिवशी मुलांनी आणलेलं “कोणाकडे किल्ली असल्यास आणून द्यावी” हे वाक्य बघून त्यांच्यातला लेखक पुन्हा जागा झाला. त्यांनी लिहिलं:

“आपल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी किल्ली अशी असते, की जिचं कुलूप आता आपल्याला आठवत नाही. ती लागत कशालाच नाही, पण टाकवतही नाही. तिला एकदा आमच्याकडे पाठवा. कदाचित ती इतकी वर्षं याच कपाटाची वाट बघत असेल.”

वाचताना त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले.

सोमवारी अकरा किल्ल्या आल्या. मंगळवारी नव्वद. बुधवारी पालक, शेजारी, दुकानदार असे सगळे रांगेनं येऊ लागले. सायकलींच्या किल्ल्या, पेट्यांच्या, पाडून टाकलेल्या घरांच्या. एका आजीनं तर चावीची बाहुली आणि तिची चावी, दोन्ही आणली. बादली भरली, तसा बाईंना तो पसारा बघवेना. ग्रंथालयात आलेली कुठलीही वस्तू नोंदीविना पडलेली त्यांना चालत नसे.

“हे काय, भंगाराचं दुकान आहे का? प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवर क्रमांक. आणि वहीत देणाऱ्याचं नाव. एकदा नोंद झाली की वस्तू आपली. कुणी मागितली तरी माझ्या सहीशिवाय बाहेर जाता कामा नये. काम करायचं तर पद्धतशीर!”

मुलांनी ते पद्धतशीर केलं.

शुक्रवारी दुपारी दारात ओळखीचं खोकणं ऐकू आलं. बाईंचे यजमान उभे होते. चेहऱ्यावर मोठी कामगिरी करून आल्याचं तेज आणि हातात रुमालाची पुरचुंडी.

“घरातला कोपरान् कोपरा धुंडाळला,” ते म्हणाले. “नऊ सापडल्या. एक तर तुझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात होती बघ, पार तळाला!”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो! ती आपल्या ट्रंकेची आहे!”

“कुठल्या ट्रंकेची?”

“माहेरच्या.”

“ती तर तू बारा वर्षांपूर्वी काढून टाकलीस.”

“म्हणून काय झालं? किल्ली ठेवलीय ना आठवण म्हणून!”

“अगं, मग त्या पोस्टमध्ये लिहिलंय ती हीच की!” यजमान गहिवरले. “ज्यानं कुणी ते लिहिलंय ना, त्यानं माझ्या काळजाला हात घातला. घे रे बाळा, लिही माझं नाव.”

“आजोबा, दोनशे त्रेसष्ट,” मापाडीनं डब्यातल्या किल्लीला चिठ्ठी बांधली.

“इकडे दे ती जरा, मी बघते,” बाई घाईनं म्हणाल्या.

“बाई, नोंद झाली,” शंका शांतपणे म्हणाली. “पण तुम्ही सही केलीत तर देते. कशासाठी घेतली, ते तेवढं वहीत लिहावं लागेल.”

बाईंनी वहीकडे पाहिलं. पेन उचललं. ‘कशासाठी’ या रकान्यापाशी ते थबकलं. मग पेन खाली ठेवून त्या पाणी प्यायल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर किल्ल्या लावून बघायच्या ठरल्या. ग्रंथालयात इतकी माणसं कधी आली नव्हती. ज्यांनी आयुष्यात एक पुस्तक नेलं नव्हतं, तेसुद्धा टाचा उंचावून उभे होते. मुख्याध्यापक पुढच्या खुर्चीत. कुलूपवाला पिशवीसकट, ‘शेवटी माझ्याकडेच याल’ अशा चेहऱ्यानं भिंतीला टेकून. यजमान पहिल्या रांगेत. बाई आपल्या टेबलामागे कबुलीजबाब मनात घोकत बसल्या होत्या. ‘माझं चुकलं. मला पुस्तकं फार आवडतात.’ नको. ‘मला पुस्तकं फार आवडतात, म्हणून माझं चुकलं.’

मुलं एकेक किल्ली लावत होती. शंभराच्या वर गेली तशी माणसं जांभया देऊ लागली. दोनशेला बाई म्हणाल्या, “दमलात रे मुलांनो. बाकीचं सोमवारी करू.”

“नाही बाई, लय आलीय आता,” कविराज म्हणाला.

दोनशे एकसष्ट. नाही. दोनशे बासष्ट आत गेली, पण अडकली. कुलूपवाल्यानं थेंबभर तेल सोडून ती सोडवली. दोनशे त्रेसष्ट.

कट्.

एवढासा आवाज, पण मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला. मापाडीनं वहीवर बोट फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं, “दोनशे त्रेसष्ट. देणारे, ग्रंथपालबाईंचे यजमान.”

सगळ्या माना आधी यजमानांकडे आणि मग बाईंकडे वळल्या. बाई उठल्या. तोंड उघडलं.

“म्हणजे मी जिंकलो?” यजमान ओरडले.

तेवढ्यात शंकेनं दार ओढलं. माणसं पुढे झुकली. खालपासून वरपर्यंत पुस्तकं, रंगीत, ताठ, नव्या कागदाचा कोंडलेला वास खोलीभर सोडत उभी.

मग कुलूपवाला म्हणाला, “हात्तिच्या! पुस्तकंच आहेत की!”

“पुस्तकंच,” मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी घड्याळ बघितलं.

“ग्रंथालयात पुस्तकं निघाली, घ्या!” मागून कुणीतरी हसलं. खुर्च्या सरकू लागल्या. बँकेतला मॅनेजर “बॅट नाही ना?” असं विचारून निघालासुद्धा. किल्ली कुणाच्या घरात कशी, कपाट कुणी बंद केलं, याच्याशी कुणाला काही देणंघेणं उरलं नव्हतं. बाईंवरचं सगळं संकट असं पाण्यावरच्या बुडबुड्यासारखं फुटलं. त्यांनी देवाचे आभार मानून गप्प बसायला हवं होतं.

पण बाईंचे कान लाल झाले होते. एकोणीस वर्षं काळजाशी धरलेलं धन, आणि त्याला ‘पुस्तकंच’?

“थांबा!” बाई कडाडल्या. शांततेच्या पाटीखाली असा आवाज आजवर निघाला नव्हता. “पुस्तकंच म्हणजे काय हो? एक तरी उघडून बघितलंत?” त्या तरातरा कपाटाशी गेल्या, एक जाडजूड पुस्तक ओढलं आणि कुलूपवाल्यापुढे धरलं. “हे समुद्राखालच्या गुहांचं. तिथं असे मासे आहेत की ज्यांना स्वतःचा दिवा आहे. तुम्हाला माहीत होतं?”

“नव्हतं,” कुलूपवाला भिंतीला चिकटला. “पण बाई, माझे हात तेलाचे आहेत…”

“असू द्या! धरा! सर, तुम्ही कुठे निघालात? हे घ्या. आपण जांभई का देतो, यावर आख्खं पुस्तक आहे. तुमच्या भाषणाच्या आधी वाचा. ओ मॅनेजर! मागे फिरा. बॅट हवी होती ना? ज्या झाडाच्या बॅटी करतात त्याचं चरित्र आहे हे.”

माणसं दारातच थबकली. एक जण परतला, मग दुसरा. कुणीतरी घाबरत विचारलं, “बाई, चोरांवरचं काही आहे का?” बाई स्टुलावर चढल्या. शंका नावं विचारू लागली, मापाडी शिक्के मारू लागला, कविराज रांग लावू लागला. बाई पुस्तकं देत होत्या, भांडून भांडून देत होत्या, “नीट वापरा” म्हणायचंही भान नव्हतं. यजमानांनी हळूच हात पुढे केला तेव्हा त्यांना पत्रांच्या इतिहासाचं एक पुस्तक मिळालं आणि वर, “पुन्हा माझ्या डब्यात हात घालू नका.”

पाच वाजता कपाट रिकामं होतं. मापाडीनं ठोठावून बघितलं. ‘ठण’ वाजलं.

शंका मात्र अजून जाईना. छातीशी एक पातळसं पुस्तक धरून ती उभी होती. दीपगृहाच्या एका अतिशय आळशी रखवालदाराची गोष्ट होती ती.

“बाई, किल्ली तुमच्याकडेच होती ना?”

“होती.”

“मग उघडत का नव्हतात?”

बाईंनी तिला खंड्या पक्ष्याची गोष्ट सांगितली. शंकेनं ती सगळी ऐकून घेतली. “कळलं,” ती म्हणाली. “पण… ज्यानं कापला त्याला तो किती आवडला असेल!”

बाईंना एकोणीस वर्षांत हे सुचलं नव्हतं.

सोमवारी पहिल्याच तासाला शंका पुस्तक परत घेऊन आली. बाईंनी ते दोन्ही हातांत घेतलं, उलटंपालटं केलं. कव्हर शाबूत होतं. कात्री कुठे लागली नव्हती. पण चौतिसाव्या पानाचा कोपरा चांगला दुमडलेला होता.

“हे काय?” बाईंचा आवाज चढला.

“तिथं मला फार हसू आलं बाई. पुन्हा सापडावं म्हणून दुमडलं. वर्गात जाऊ? हजेरी चाललीय.”

ती पळाली. बाईंनी नखानं तो कोपरा सरळ केला, वरून पट्टी दाबली. वळ काही जाईना. मग एवढं हसण्यासारखं आहे तरी काय, म्हणून त्यांनी पान वाचायला घेतलं. रखवालदार दिवा लावायचा कंटाळा करून जहाजांना रात्री न येण्याची विनंती करणारं पत्र लिहीत होता. बाई आधी नाकातून हसल्या. मग तोंडावर पदर धरून हसल्या. मग टेबलावर डोकं टेकवून, खांदे हलेपर्यंत.

डोळे पुसून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी चौतिसाव्या पानाचा कोपरा होता तसाच, त्याच वळावरून, पुन्हा दुमडून ठेवला.